बिलात नसलेली ओळ : एका स्वेच्छा रक्तकेंद्राचे परीक्षण

ज्या रक्तकेंद्राविषयी मी लिहीत आहे, तेथे मी प्रथम रुग्णाची नातेवाईक म्हणून गेले आणि त्यानंतर नऊ वर्षे रक्तदाता म्हणून जात राहिले. या काळात तेथे २१ वेळा माझे रक्त घेतले गेले आणि ४ वेळा मला रक्त न घेताच परत पाठवले गेले. दोन्ही प्रकारचे अनुभव सांगण्यासारखे आहेत. कोणत्याही सेवेचे परीक्षण करताना आपण मोजलेल्या पैशांचा पुरेपूर मोबदला मिळाला की नाही, हे आधी पाहतो. येथे ते माप चालत नाही, कारण दाता काही मोजत नाही आणि काही घेतही नाही, आणि रुग्णाचे नातेवाईक जे पैसे भरतात ते, ज्या वस्तूसाठी ते धावत आलेले असतात, तिचे नसतात. मग अशा केंद्राला चांगले किंवा वाईट कशावरून म्हणावे, याचे माझे उत्तर या लिखाणात आले आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. ते चांगले असले तरी मला काही तक्रारीही नोंदवायच्या आहेत.

माझा थोरला भाऊ रक्ताच्या कर्करोगाने रुग्णालयात दाखल झाला, तेव्हा पैशांची सगळी व्यवस्था माझ्याकडे आली, कारण मी तीस वर्षे हिशेबाचेच काम केले आहे. विमा कंपनीची मंजुरी, कोणत्या मुदत ठेवी मोडायच्या, कोणाकडून किती उसने घ्यायचे आणि ते केव्हा फेडायचे, याचा तक्ता मी दोन दिवसांत तयार केला होता. पैशांची काळजी आता करू नकोस, असे मी वहिनीला सांगितलेही होते. केमोथेरपी सुरू झाल्यानंतर दहाव्या रात्री दादाच्या प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तपेशी, ८,००० वर आल्या. निरोगी माणसात त्या दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात, आणि १०,००० च्या खाली गेल्या की कोठे मार लागलेला नसतानाही आतल्या आत रक्तस्राव होण्याची भीती असते. त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. मी खाली रक्तविभागाच्या खिडकीवर गेले, तेव्हा तेथील माणसाने माझ्या हातातील कार्डाकडे पाहिलेसुद्धा नाही. "पैशांचं सकाळी बघू मॅडम, डोनर आणलाय का?" एवढेच त्याने विचारले.

मी स्वतःचा हात पुढे केला, तर डॉक्टरांनी तोही नाकारला. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची वेळ आली, तर सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारांत एक असते; आणि ज्याची मज्जा घ्यायची त्याचेच रक्त रुग्णाला आधी दिले गेले, तर रुग्णाचे शरीर त्या पेशींच्या विरुद्ध अगोदरच तयार होऊन बसते आणि प्रत्यारोपण फसण्याचा धोका वाढतो. हे त्यांनी मला जिन्यात उभ्या उभ्या समजावले. ज्याला आपण रक्ताचे नाते म्हणतो, तेच त्या रात्री आड आले. बँकेत रक्कम होती, पाठीशी माणसे होती, पण दादाला हवा होता असा कोणीतरी, जो आमचा कोणी लागत नव्हता आणि ज्याने गेल्या पाच दिवसांत कोठेतरी जाऊन, आमच्याविषयी काहीही माहीत नसताना, दीड तास यंत्राला हात जोडून ठेवला होता. पाच दिवस अशासाठी की प्लेटलेट त्याहून जास्त टिकत नाहीत. त्यांतील पहिला दीड दिवस तपासण्यांतच जातो.

रुग्णालयातल्या एका परिचारिकेने मला या केंद्राचा क्रमांक लिहून दिला. रात्री साडेबाराला मी फोन केला आणि दुसऱ्याच घंटीला तो उचलला गेला. पलीकडच्या बाईंनी रक्तगट, प्लेटलेटची संख्या, रुग्णाचे वजन आणि डॉक्टरांची चिठ्ठी तयार आहे का, इतकेच विचारले. बदली रक्तदाता, म्हणजे मिळालेल्या पिशवीच्या बदल्यात रक्त देणारा आपला माणूस, आणावा लागेल का, हा प्रश्न मीच केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही ताई, आत्ता तुम्ही भावाजवळ थांबा. चिठ्ठी आणि नमुना घेऊन कुणालातरी पाठवा." पहाटे तीनच्या सुमारास दोन पिशव्या आल्या. फिकट पिवळ्या रंगाचे, किंचित धुरकट असे ते द्रव होते. हे रक्तच आहे, यावर वहिनीचा विश्वास बसेना. सकाळच्या तपासणीत संख्या ३४,००० वर पोहोचली होती.

त्या दोन पिशव्यांचे बिल मी सवयीप्रमाणे ओळ न् ओळ तपासले. रक्तगट निश्चिती आणि जुळवणी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या चाचण्या, यंत्रात एकदाच वापरायचा नळ्यांचा संच, साठवण. प्रत्येक ओळीपुढे रक्कम होती आणि बेरीज बरोबर होती. प्लेटलेट या मूळ वस्तूची ओळच त्यात नव्हती. एखादा खर्च झाला आणि त्याची नोंद कोठेच सापडली नाही, तर तो कोणीतरी आपल्या खिशातून केला आहे असे समजून त्याचा शोध घ्यावा, असे मी माझ्या हाताखालच्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवत आले होते. दादाला त्या आजारपणात एकूण ३१ पिशव्या लागल्या. ती सगळी बिले अजून माझ्याकडे एका फाइलमध्ये लावलेली आहेत आणि त्यांतल्या एकाही बिलात ती ओळ नाही. मी शोध घेतला, पण केंद्राने नियमाप्रमाणे दात्याचे नाव सांगितले नाही. मग जिथून ती पिशवी आली होती, त्याच खुर्चीवर जाऊन बसणे तेवढे माझ्या हातात उरले.

पैसा इथे का थांबतो, हे मला नंतरच्या वाचनातून अधिक कळले. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये माणसांच्या रक्ताचे गट असतात हे दाखवून दिले. त्याआधी एकाचे रक्त दुसऱ्याला देणे हा जुगारच होता. १९१४ मध्ये ब्रुसेल्स आणि ब्यूनोस आयर्स या दोन शहरांत, एकमेकांपासून हजारो किलोमीटरवर, सोडियम सायट्रेट मिसळले की शरीराबाहेर काढलेले रक्त गोठत नाही, याचा उपयोग करून रक्त देण्यात आले. तोवर दाता आणि रुग्ण यांना शेजारी शेजारी झोपवावे लागे. सायट्रेटमुळे दोघांमध्ये अंतर पडू शकले आणि प्रथमच अनोळखी माणसाला रक्त देणे शक्य झाले. १९२१ मध्ये लंडनमध्ये पर्सी ऑलिव्हर यांनी, बोलावणे येताच रुग्णालयात जाऊन विनामूल्य रक्त देणाऱ्या स्वयंसेवकांची यादी तयार केली. १९३७ मध्ये शिकागोच्या एका सरकारी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठवण्याची सोय केली आणि तिला 'ब्लड बँक' हे नाव दिले.

हे नाव सगळ्या जगात रूढ झाले असले, तरी मला ते बरोबर वाटत नाही. बँकेत ठेवलेली रक्कम वाढते, निदान तेवढीच राहते. लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवल्या तरी त्यांचे आयुष्य ३५ ते ४२ दिवसांचे, प्लेटलेट २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवूनही पाच दिवसांच्या, आणि गोठवलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रवभाग, तेवढा वर्षभर टिकणारा. कितीही श्रीमंत माणूस आपल्या म्हातारपणासाठी रक्त साठवून ठेवू शकत नाही. आपल्या स्वतःच्या शरीरातही लाल पेशी साधारण १२० दिवसच जगते, म्हणजे मी आज दिले नाही म्हणून ते माझ्याजवळ राहील, असेही नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या लाल पेशी माणसाला देण्याचा पहिला प्रयोग २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झाला, आणि त्यातील मात्रा चमचाभर, म्हणजे ५ ते १० मिलिलिटर होती. एका सामान्य पिशवीत ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त असते. त्यामुळे अजूनही रक्ताचा कारखाना एकच आहे, आणि तो दुसऱ्या माणसाच्या हाडांत आहे.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. दार उघडून आत गेल्यावर सर्वप्रथम नजरेत भरते ती स्वच्छता. पण रुग्णालयांत असतो तसा उग्र वास मात्र येथे नाही. नोंदणीच्या मेजावर एक चार पानी अर्ज भरावा लागतो. त्यातील प्रश्न अतिशय खाजगी आहेत आणि ते तसेच असायला हवेत, कारण संसर्ग झाल्यानंतरचे सुरुवातीचे काही दिवस कोणत्याही चाचणीत सापडत नाहीत आणि त्या दिवसांत रुग्णाचे रक्षण केवळ दात्याच्या खरेपणावर अवलंबून असते. या केंद्राची एक गोष्ट मला विशेष आवडते. अर्ज भरण्याची जागा पडद्याआड आहे आणि डॉक्टर तो दार लावून वाचतात. मी एकदा एका शिबिरात पाहिले होते की लांब मेजाभोवती आठ-दहा जण एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत तोच अर्ज भरत होते. तेथे खरे उत्तर कोण लिहील? पैसे घेऊन रक्त देणाऱ्याला आपला आजार लपवण्याचे कारण असते, हा ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये मांडलेला मुद्दा आजही सांगितला जातो. मित्रांसमोर लाज वाटणाऱ्यालाही तेच कारण असते, एवढी भर मी माझ्या अनुभवावरून घालीन.

त्यानंतर बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहतात. आता यंत्र आले आहे, पण सुरुवातीची काही वर्षे येथे मोरचुदाच्या द्रावणाची जुनी पद्धत होती आणि मला ती अजून आठवते. काचेच्या छोट्या पेल्यात स्वच्छ निळे पाणी असे, आणि त्यात वरून रक्ताचा एकच थेंब सोडत. द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व १.०५३ ठेवलेले असते, म्हणजे हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर थेंब १५ सेकंदांच्या आत बुडतो. माझा पहिला थेंब निळ्या पाण्यात अर्ध्यावर जाऊन थांबला, तेथेच थोडा वेळ लटकला आणि सावकाश वर येऊ लागला. मी त्याच्याकडे पाहत राहिले. आयुष्यभर कोणाचे देणे थकवले नाही, पण ज्या देण्यासाठी मी आले होते तेवढी शिल्लक माझ्या अंगात नव्हती. तेथील सिस्टर म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका ताई. तुम्ही आलात म्हणून हे कळलं तरी." त्यांनी मला डॉक्टरांकडे नेले, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या कधी आणि कशाबरोबर घेऊ नयेत हे सांगितले, आणि तीन महिन्यांनी केंद्रातूनच फोन आला. ज्याच्याकडून आज काहीच मिळणार नव्हते, त्या माणसासाठी त्यांनी वीस मिनिटे दिली. केंद्राची पारख करायची असेल, तर परत पाठवलेल्या दात्याशी ते कसे वागतात, एवढे पाहावे. त्यानंतरही मला तीनदा परत पाठवले गेले, आणि एकदाही कोणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत.

सुई टोचणारे हात कसे असतात, हा बहुतेकांच्या मनातला पहिला प्रश्न असतो. येथील तंत्रज्ञ घाई करत नाहीत. ते शीर बोटाने चाचपतात, दिसणाऱ्या शिरेपेक्षा हाताला लागणारी शीर निवडतात, आणि टोचण्याआधी 'आता' असे सांगतात. २१ वेळांपैकी दोनदाच मला दुसऱ्यांदा टोचून घ्यावे लागले. पिशवी एका हलत्या तराजूवर ठेवलेली असते. ती सायट्रेट नीट मिसळावे म्हणून सतत डोलत असते आणि ठरलेले वजन भरले की यंत्र आपोआप थांबते. पाच ते दहा मिनिटांचे काम. पिशवीला हात लावून पाहण्याची परवानगी मी एकदा मागितली आणि ती मिळाली. ती गरम होती. इतक्या वर्षांत मी अनेक जणांना अनेक प्रकारे मदत केली, धनादेश लिहिले, पैसे खात्यावर पाठवले, पण दिलेली वस्तू हातात घेतल्यावर माझ्याच अंगाची ऊब तिला आहे, असे कधी झाले नव्हते.

एकदा मला चक्कर आली. उन्हातून आले होते, पाणी कमी प्यायले होते, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधार आला. एका मिनिटात खुर्ची मागे झुकवली गेली, पाय वर घेतले गेले आणि सिस्टर माझ्याशी बोलत राहिल्या. अर्ध्या तासाने त्यांनी मला एकटीला जाऊ दिले नाही. भाच्याला बोलावून घेतले. रक्तातील द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो आणि लाल पेशी भरून यायला चार ते सहा आठवडे लागतात, हे सगळे त्यांनी त्यालाही समजावून सांगितले.

हा भाचा म्हणजे दादाचा मुलगा. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर पुढच्याच आठवड्यात तो माझ्याबरोबर आला आणि आता तो प्लेटलेट देतो. त्यासाठीची खुर्ची वेगळ्या खोलीत आहे. यंत्र त्याचे रक्त बाहेर घेते, प्लेटलेट वेगळ्या करून ठेवते आणि बाकीचे त्याच हातातून परत देते. हा फेरा तासभर ते दीड तास चालतो. पहिल्या वेळी त्याने मला हळूच सांगितले, "आत्या, ओठांना मुंग्या येतायत." सायट्रेट रक्तातील कॅल्शियम धरून ठेवते, त्यामुळे असे होते. सिस्टरांनी लगेच कॅल्शियमची गोळी दिली, यंत्राचा वेग कमी केला आणि मुंग्या थांबल्या. ज्या आजारात त्याच्या वडिलांना ३१ पिशव्या लागल्या, त्यानंतर दादा दीड वर्ष आमच्यात होता. त्या दीड वर्षात त्याने मुलाची दहावीची परीक्षा पाहिली. माझ्या तक्त्यातल्या सगळ्या रकमा एकत्र केल्या असत्या, तरी त्या ३१ अनोळखी माणसांशिवाय हे दीड वर्ष मिळाले नसते, हे मी हिशेबनीस म्हणून लिहीत आहे.

तक्रारी आहेत, आणि त्यांतील एक मला गंभीर वाटते. केंद्रात कोणतीही भेटवस्तू दिली जात नाही, पण हेच केंद्र बाहेर जी शिबिरे भरवते त्यांत आयोजकांच्या आग्रहाखातर दात्यांना पिशवी, छत्री, हेल्मेट अशा वस्तू वाटू देते, आणि फलकावर त्या वस्तूचे चित्र रक्ताच्या थेंबापेक्षा मोठे असते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे दोन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाते व्हाल का, असे नुसते विचारले तेव्हा ५२ टक्के स्त्रिया तयार झाल्या. त्यासाठी थोडी रक्कम देऊ केली तेव्हा ते प्रमाण ३० टक्क्यांवर आले. आणि ती रक्कम हवी तर धर्मादाय कामाला देता येईल असे सांगितले, तेव्हा ते पुन्हा ५३ टक्के झाले. पुरुषांमध्ये असा फरक आढळला नाही. याच्या उलट बाजूही आहे आणि ती लपवणे योग्य नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका आढाव्यानुसार, प्रत्यक्ष शिबिरांत तपासलेल्या १९ प्रकारच्या प्रलोभनांपैकी १८ प्रकारांनी रक्तदान वाढलेच. म्हणजे छत्री दिल्याने पिशव्या वाढतात, हे केंद्राचे म्हणणे खोटे नाही.

तरीही माझे मत बदललेले नाही. छत्रीसाठी आलेला माणूस पुढच्या वेळी छत्री नसेल तेथे येईल का, आणि अर्जावरील ज्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले तर छत्री हुकेल, त्याचे तो काय उत्तर देईल, हे दोन प्रश्न त्या आढाव्यानंतरही मला सोडत नाहीत. जागतिक आरोग्य सभेने १९७५ मध्येच सर्व देशांना स्वेच्छेने आणि विनामोबदला दिल्या जाणाऱ्या रक्तावर आधारलेली सेवा उभारण्याचे आवाहन केले होते. स्वेच्छा या शब्दात बळजोरीला जशी जागा नाही, तशी मोबदल्यालाही नाही. एवढे चांगले काम करणाऱ्या केंद्राने शिबिरांच्या आयोजकांना हे स्पष्टपणे सांगावे.

दुसरी तक्रार दाता कार्डाची. रक्त दिल्यावर मिळणाऱ्या कार्डावर, वर्षभरात स्वतःला किंवा कुटुंबाला गरज पडल्यास एक पिशवी प्रक्रिया शुल्क न घेता मिळेल, असे छापलेले आहे. हेतू चांगला आहे. पण रांगेत माझ्यापुढे असलेल्या एका गृहस्थांनी, "कार्ड मिळणार असेल तरच देतो," असे सांगितले, तेव्हा मला फँटस यांच्या त्या बँकेची आठवण झाली. भरणा आणि उचल. ज्या रात्री मी फोन केला, त्या रात्री माझ्या नावावर काहीही भरणा नव्हता आणि तरीही मला दोन पिशव्या मिळाल्या. माझ्या मते तोच या केंद्राचा खरा नियम आहे आणि कार्डावर तोच छापावा.

इतर उणिवा साध्या आहेत. रविवारी दुपारनंतर केंद्र दात्यांसाठी बंद असते, जेव्हा नोकरी करणाऱ्यांना सवड असते. प्लेटलेटची यंत्रे दोनच आहेत. आपल्या रक्ताच्या तपासणीचा अहवाल हवा असल्यास तो स्वतः जाऊन मागावा लागतो. आणि एक गोष्ट मी सूचना म्हणून वहीत तीनदा लिहिली आहे: स्वीडनमध्ये दात्याचे रक्त रुग्णाला दिले गेले की दात्याच्या फोनवर तसा संदेश जातो. कोणाला दिले हे त्यात नसते, दिले गेले एवढेच असते. येथे रक्त दिल्यावर आभाराचा संदेश लगेच येतो, पण पुढे त्या पिशवीचे काय झाले हे कधीच कळत नाही.

ज्यांना प्रकृतीमुळे किंवा वयामुळे रक्त देता येत नाही, ते केंद्राला पैसे देऊ शकतात, आणि ते द्यावेत असे मी म्हणेन. प्लेटलेट हलत्या ठेवणारे यंत्र, शीतपेट्या, वीज गेल्यावर चालणारे जनित्र, रात्री साडेबाराला दुसऱ्या घंटीला फोन उचलणाऱ्या बाईंचा पगार, हे सगळे पैशांनीच होते, आणि त्याशिवाय माझ्या हातातून निघालेले रक्त कोणाच्याही हातापर्यंत पोहोचणार नाही. जगभरात वर्षाला सुमारे ११ कोटी ८५ लाख वेळा रक्त दिले जाते आणि त्यांतील ४० टक्के रक्त जगातील १६ टक्के लोकसंख्येच्या श्रीमंत देशांत जमा होते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सांगतात. तेथील माणसे अधिक उदार आहेत असा याचा अर्थ मी घेत नाही. तेथे शीतपेटी आहे, रस्ता आहे, पगारी तंत्रज्ञ आहे. देऊ इच्छिणाऱ्या माणसापासून गरजू माणसापर्यंतची वाट बांधणे, हे पैशाचे काम आहे. त्या वाटेवरून काय जाणार, हे मात्र पैशाला ठरवता येत नाही.

केंद्राच्या प्रतीक्षाकक्षात जेम्स हॅरिसन या ऑस्ट्रेलियन गृहस्थांचे छायाचित्र लावलेले आहे. चौदाव्या वर्षी छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत त्यांना बरेच रक्त द्यावे लागले होते, म्हणून अठरा पूर्ण होताच, १९५४ मध्ये, त्यांनी रक्त द्यायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या प्लाझ्मात एक दुर्मिळ प्रतिपिंड (अँटिबॉडी) सापडले, जे गर्भवती स्त्रियांना दिले असता आईच्या आणि बाळाच्या रक्तातील आरएच विसंगतीपासून, म्हणजे आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असल्याने होणाऱ्या अपायापासून, बाळाचा बचाव होतो. २०१८ पर्यंत, वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत, त्यांनी १,१७३ वेळा दान केले आणि त्यातून सुमारे २४ लाख बाळांना संरक्षण मिळाल्याचे सांगितले जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले. पण मला त्यांच्या विशेष प्लाझ्मापेक्षा त्यांची सुरुवात जवळची वाटते, कारण त्यांनी पहिल्यांदा हात पुढे केला तेव्हा त्यांच्या रक्तात काही विशेष आहे, हे कोणालाच माहीत नव्हते.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी लिहिते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेल्यास सगळे मिळून पाऊण तास पुरतो. शनिवारी दीड तास धरावा. उपाशी जाऊ नये, आदल्या रात्री नीट झोपावे आणि पाणी भरपूर प्यावे. बाही सहज वर जाईल असा कपडा घालावा. चालू औषधांची नावे लिहून न्यावीत, कारण ॲस्पिरिनसारख्या गोळीमुळे काही दिवस प्लेटलेट देता येत नाहीत. पुरुषांना दोन वेळांमध्ये ९० दिवसांचे आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते, असा या केंद्राचा नियम आहे. प्लेटलेट देण्याचा विचार असेल, तर आधी फोन करून वेळ ठरवावी. परत पाठवले गेलात, तर कारण विचारून घ्या आणि तारीख लिहून घ्या.

पाचपैकी मी साडेचार गुण देते. अर्धा गुण त्या छत्रीच्या फलकासाठी राखून ठेवला आहे. माझे १२० दिवस येत्या गुरुवारी पूर्ण होत आहेत. भाच्याची वेळ त्याच सकाळी साडेनऊची आहे, त्यामुळे आम्ही दोघे बरोबरच जाऊ.